टॉवरच्या हाताला शेंदूर

गावाकडं गेलो की पारावर बसलेलं कुणीतरी हमखास विचारतं, "पुण्याला काय करता म्हणं तुमी?" सुरुवातीला मी कंपोझिट, पॉलिमर, ट्रान्समिशन असं काहीबाही सांगायचो. समोरचा माणूस तंबाखू मळता मळता माझ्याकडं असा बघायचा, की आपण खरंच काही काम करतो का, अशी मलाच शंका यायची. मग मी सोपं केलं. टॉवरचे हात बनवतो, असं सांगायला लागलो.

आणि ते खोटंही नाही. शिवारातनं हायटेन्शनची लाइन जाते, तिच्या टॉवरला दोन्ही अंगांनी लोखंडी हात असतात. हाताला चिनी मातीच्या वाट्यांची माळ लोंबते आणि माळेच्या टोकाला तार. तारेतली वीज लोखंडात उतरू नये म्हणून मधे ती माळ. आम्ही जो हात बनवतो तो स्वतःच वीज अडवतो. आत काचेच्या धाग्यांचा, राळेत भिजवून कडक केलेला दांडा. त्यावर राखाडी सिलिकॉन रबराचं कातडं, आणि त्या कातड्याला ओळीनं चकत्या, पावसाचं पाणी तुटून पडावं म्हणून. माळ नको, लोखंड नको. वजनाला एवढा हलका, की चार माणसांनी खांद्यावर घ्यावा आणि डोंगर चढावा.

या हातापायी मी एक गोष्ट केली आणि तिची मला लाज वाटते. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं शहाणपणाचं सोंग आणायला नको. यात कुणाचं नाव घातलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटेल, दुसऱ्यांची अब्रू जपतोय. कसली दुसऱ्यांची, माझीच जपतोय.

आता दाजींचं सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. आमच्याकडं ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. लग्न झालं त्या वर्षीपासून आक्का आणि दाजी कोयता म्हणून कारखान्यावर जात होते. दाजी तोडायचे, आक्का मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकवर चढायची. पोटात सातवा महिना असतानाही चढली. हे मला ती सांगत नसे, आई सांगायची, आणि मी तेव्हा इंजिनिअरिंगचा अभ्यास करत असल्यामुळं मला त्याचा त्रास होऊ नये म्हणून तेही अर्धंच सांगायची.

मग दाजींना टॉवर उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडं काम लागलं. माणूस उंचीला न भिणारा, दोराच्या गाठीत पटाईत आणि शब्दाला पक्का. चार-पाच वर्षांत ते टोळीचे मुकादम झाले. ज्या दसऱ्याला टोळीला कायमचं काम मिळालं, त्या दसऱ्याला आक्कानं आपला कोयता धुऊन, तेल लावून आढ्याला खोचून टाकला. दोन शेळ्या घेतल्या. मानेचं दुखणं कमी झालं. एकदा मी गेलो तर दारात बसून मेथी निवडत होती आणि गाणं गुणगुणत होती. आक्का गुणगुणते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

आमचा हात पाच वर्षं प्रयोगशाळेतच होता. पाण्याचे फवारे, मिठाचं धुकं, भट्टीतली उष्णता, वजनं टांगणं, सगळं झालं. आता खऱ्या लाइनवर चाचणी घ्यायची होती. जागा कुठली निवडायची यावर मीटिंग झाली आणि मी वडवणीच्या पुढल्या डोंगरातला टप्पा सुचवला. कारण सांगितलं ते खरंच होतं. तिथं क्रेन जात नाही, लोखंड वर न्यायला आठवडा लागतो, तिथं हलक्या हाताची खरी परीक्षा. न सांगितलेलं कारण असं, की मला माझ्या तालुक्यात मिरवायचं होतं. आणि टोळी दाजींची असावी म्हणून मी ठेकेदाराच्या कानावर घातलं. तेव्हा मला स्वतःचं लई कौतुक वाटलं होतं.

दोन टॉवर, सहा हात. सामान चढवायच्या आदल्या दिवशी मी टोळीला शाळेच्या व्हरांड्यात बसवलं आणि शिकवणी घेतली. रबराला तेलकट हात लावायचा नाही. त्याच्यावर पाय द्यायचा नाही. दोर थेट आवळायचा नाही, मधे पट्टा घ्यायचा. पांढरे हातमोजे घातल्याशिवाय खोक्याला शिवायचं नाही. मी कसा बोलत होतो ते आज आठवलं तरी अंग चोरावंसं वाटतं. बाराजणांत निम्मे माझ्या वडलांच्या वयाचे, आणि मी 'समजलं का, समजलं का' करत होतो.

एकजण म्हणाला, "नवरीला बी एवढं जपत न्हाईत, साहेब."

सगळे हसले. मला राग आला. राग मला पटकन येतो, आमच्या घराण्यात तो आहेच. मी म्हणालो, "तुमची नवरी रुसली म्हणून चार तालुक्यांची लाइट जात नाही. याच्यानं जाईल."

दाजी उठले आणि म्हणाले, "हसू नका रे. पाव्हणं सांगतेत ते ध्यानात धरा." नात्यानं मी त्यांचा मेहुणा, पण ते मला पाव्हणंच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोंगराच्या पायथ्याला प्रत्येकाच्या तंबाखूच्या पुड्या काढून घेतल्या, एका पिशवीत घालून झाडाला टांगल्या आणि टँकरवर सगळ्यांचे हात साबणानं धुवून घेतले. एवढं मी सांगितलेलं नव्हतं. मी फक्त हातमोजे सांगितले होते.

आता तो दिवस. टोळीची रीत अशी, की कुठल्याही टॉवरवर पहिला हात चढवायच्या आधी शेंदूर लावायचा आणि नारळ फोडायचा. वर माणूस चढतो, खाली बायको-लेकरं असतात, तेव्हा हे आलंच. दाजींनी त्या दिवशी टॉवरच्या पायाला, लोखंडाला शेंदूर लावला. गोड्या तेलात कालवलेला, दाट. नारळ बाजूच्या दगडावर फोडला आणि पाणी हाताकडं उडू नये म्हणून पाठ करून फोडला. त्यांनी माझा एकूण एक नियम पाळला. आमचे सहा हात प्लॅस्टिकमधून काढून ताडपत्रीवर ओळीनं ठेवलेले होते, एकाला बोट लागलं नव्हतं.

मग दाजींनी ती शेंदराची डबी माझ्यापुढं धरली. म्हणाले, "मान तुमचा हाय. तुमी बनवलंय."

सगळी टोळी बघत होती. खाली पायथ्याला माझ्या गावचे दहा-पंधरा लोक जमले होते. मला खरोखर भरून आलं. पाच वर्षं ज्याच्यापायी मी सणवार पाहिले नाहीत, ती वस्तू माझ्याच डोंगरावर पडलेली होती, आणि माझीच माणसं मला मान देत होती. मी अंगठा डबीत बुडवला. लोखंडाकडं वळलो नाही. ताडपत्रीजवळ गेलो, पहिल्या हातापाशी वाकलो.

दाजी हळूच म्हणाले, "पाव्हणं, रबराला चालतंय का ते?"

मी म्हणालो, "एवढ्यानं काय होतंय."

आणि मी रबरावर, दोन चकत्यांच्या मधे, अंगठा ओढला. एकदा नाही, तीनदा. तेल जास्त होतं, ते ओघळून खालच्या चकतीवर आलं. दाजींनी खिशातनं स्वच्छ फडकं काढून पुढं केलं. मी म्हणालो, "राहू द्या, चांगलं दिसतंय." तेल रबरात काय करतं, त्याच्यावर धूळ कशी बसते, दव पडल्यावर त्या धुळीतनं वीज कशी वाट काढते, हे त्या डोंगरावर फक्त एका माणसाला ठाऊक होतं. तोच लावत होता.

संध्याकाळपर्यंत तीन हात चढले. दाजी वरून ओरडून सांगत होते आणि दोर सरकत होता. एवढं सुरेख काम मी आमच्या कारखान्यातही पाहिलेलं नाही. त्या रात्री आक्काकडं जेवलो. तिनं शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी केली होती, आणि दाजींना सारखी विचारत होती, "नीट चढवलं न्हवं माझ्या भावाचं?"

थंडीत ते वाजायला लागलं. त्या डोंगरात मेंढरं घेऊन फिरणारा एक धनगर लाइनमनला म्हणाला, पहाटं दव पडलं की तुमच्या टॉवरचा एक हात चरचरतो, मेंढरं त्याच्याखालनं जात न्हाईत. लाइनमननं ते हसण्यावारी नेलं. पुढं आठ दिवसांनी एका पहाटे लाइन बंद पडली. तपासलं, तर पहिल्या टॉवरचा पहिला हात.

तो उतरवून बीडजवळच्या यार्डात आणला. तिथं लाइनचे साहेब आले, ठेकेदार आला, पुण्याहून आमच्या खात्याच्या प्रमुख मॅडम आल्या आणि त्यांच्याबरोबर मी. हात टेबलावर ठेवला होता. दोन चकत्यांच्या मधे रबर जळून काळ्या फांद्या फुटल्या होत्या, एका जागी तर आतला दांडा दिसत होता. अशा फांद्या आम्ही फोटोत पाहतो. त्या काळ्याच्या कडेला लाल होतं. थोडंसंच, पण ज्याला दिसायचं त्याला दिसत होतं.

मॅडमनी चष्मा वर केला. "हे लाल काय आहे?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण चढवताना हजर असलेला मीच होतो.

मी म्हणालो, "पूजा केली असेल लेबरनं. करतात ते लोक."

'असेल' म्हणालो. समोर बसून आपल्या अंगठ्यानं केलेल्या गोष्टीला 'असेल' म्हणालो. आणि 'ते लोक'. ज्यांच्या घरी माझी बहीण दिलेली आहे, ते लोक. नंतर मी कितीदा स्वतःला समजावलं, की तेव्हा गडबडलो, तोंडातनं निघून गेलं. तसं काही नव्हतं. मी नीट विचार करून बोललो. मॅडमच्या प्रश्नात आणि माझ्या उत्तरात एवढा वेळ होता, की ठेकेदारानं तेवढ्यात खोकून घेतलं.

मॅडम म्हणाल्या, "मग ही हाताळणीतली चूक. हा नमुना चाचणीतून बाहेर काढा. बाकीचे पाच ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत," मी म्हणालो. ते खरं होतं. चाचणी वाचली, माझी पाच वर्षं वाचली. माझे खांदे सैल झाले, ते मला स्वतःला कळलं. खरं बोलायचं तर तिथं म्हणायला हवं होतं, की बाई, जी वस्तू उघड्यावर जन्म काढणार, तिच्यावर पाखरं हगणार, उसाचं पाचट जाळल्याची राख बसणार, ती बोटभर शेंदरानं जळत असेल तर वस्तूच कच्ची आहे. ते मला त्या क्षणीही माहीत होतं. पण ते म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, की शेंदूर रबराला लावला कुणी.

अहवाल मीच लिहिला. त्यात लिहिलं, की वारंवार सूचना देऊनही उभारणी करणाऱ्या टोळीकडून तेलमिश्रित पदार्थ लावला गेला. 'वारंवार सूचना' हे लिहिताना तर मला शाळेचा व्हरांडाही आठवला. सूचना खरंच दिल्या होत्या की.

ठेकेदारानं दाजींना यार्डात बोलावलं. जबाब लिहून घ्यायचा होता. मी जायला नको होतं, पण साहेब म्हणाले, तुम्ही असलेलं बरं. मी टेबलाच्या अलीकडं, दाजी पलीकडं उभे. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही आणि मीही म्हणालो नाही. आमच्याकडं जावयाला उभं ठेवत नाहीत. सासुरवाडीचं लहान पोरसुद्धा त्यांच्यासाठी पाट सरकवतं.

साहेबांनी विचारलं, "शेंदूर तुमच्या टोळीनं लावला का?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी बोलेन म्हणून थांबल्यासारखं पाहिलं, जसं जेवताना मोठं माणूस आधी घास घेईल म्हणून आपण थांबतो. मी मोबाइल काढला आणि काहीतरी वाचायला लागलो. स्क्रीनवर काहीच नव्हतं.

"व्हय," दाजी म्हणाले. "आमच्याकडनंच लागला."

त्यांनी सही केली. सावकाश, अक्षरं मोजत. मग टोपी नीट केली, सगळ्यांना हात जोडले, त्यात मलाही जोडले, आणि गेले. ठेकेदारानं टोळी कामावरून काढली आणि आजूबाजूच्या ठेकेदारांनाही फोन करून सांगितलं, की या टोळीला शिस्त नाही. शिस्त नाही म्हणे. ज्या माणसानं तंबाखूच्या पुड्या झाडाला टांगल्या होत्या त्याला.

पुण्यात आलो आणि मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. प्रायश्चित्त वगैरे म्हणायचं असेल तर म्हणा, मला तो शब्द पेलत नाही. देवाच्या सामानाच्या दुकानातनं शेंदूर आणला, गोडं तेल आणलं, आणि रबराच्या तुकड्यांवर अंगठ्यानं फासून धुक्याच्या पेटीत लावले. वर धूळ मारली. गावाकडची माती मुद्दाम पिशवीत भरून आणली होती. पहिले सगळे तुकडे जळाले. मग रबरात ज्वाला अडवणाऱ्या पांढऱ्या भुकटीचं प्रमाण बदललं, ती भुकटी अधिक बारीक दळून घेतली, रबर आणि दांडा यांच्यामधला डिंक बदलला, चकत्यांच्या कडा खाली वळवल्या, म्हणजे वरून ओघळलेलं तेल पुढल्या चकतीला न लागता तुटून पडेल. पावसाळा संपता संपता एक तुकडा असा निघाला, की शेंदूर, तेल, माती, धुकं, सगळं खाऊन तो तसाच राहिला. आज आमचे जे हात जातात ते त्या तुकड्यावरून बनवलेले आहेत.

खात्यात त्या चाचणीला सगळे 'शेंदूर टेस्ट' म्हणतात. मॅडमनी मोठ्या साहेबांपुढं मला उभं केलं आणि म्हणाल्या, की प्रत्यक्ष जागेवरच्या चुकीतून शिकणं म्हणजे काय ते याच्याकडून बघा. टाळ्या वाजल्या. मला पेढे खावे लागले. मी 'थँक्यू' म्हणालो, आणि टोळीच्या भाबडेपणाबद्दल एक विनोदही केला. लोक हसले. तो विनोद काय होता ते मी इथं लिहिणार नाही, एवढी तरी लाज शिल्लक आहे.

त्याच आठवड्यात आक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, शेळी व्यायल्याचं सांगितलं, आणि मग म्हणाली, "यंदा कारखान्याला जायचं ठरलंय बाबा. दसरा झाला की गाडी येतीय."

मी म्हणालो, "तू कशाला? दाजींना जाऊ दे."

"एकटा माणूस काय करंल? अर्धा कोयता कोण घेतंय?"

मला राग आला. आणि कुणाचा यावा, तर दाजींचा. वर्षभर दुसरं काम बघता आलं नाही का, बहिणीला पुन्हा त्या फळीवर चढवतात का, असं मी फोन ठेवल्यावर बायकोपुढं तावातावानं बोललो. ती म्हणाली, अहो, पण त्यांचं काम तुमच्याच चाचणीत गेलं ना? मी तिच्यावरही खेकसलो. तिला खरं काय झालं ते ठाऊक नव्हतं. अजून नाही.

पण रजा काढली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात पोचलो. ठरवून गेलतो, की आक्काला सांगायचं. दाजींना काय सांगणार, डबी तर त्यांनीच धरली होती. आक्काला सांगायचं, तिचे चार शब्द खायचे, वाटलं तर तिनं थोबाडीत मारावी, आणि मोकळं व्हायचं.

दाजी गोठ्यामागं सामानाच्या गाठोड्याला दोर गुंडाळत होते. मला बघून म्हणाले, "या पाव्हणं. चहा झाला का?"

मी म्हणालो, "दाजी, मला आक्काला सांगायचंय."

त्यांनी काय ते विचारलं नाही. दोराची गाठ पुरी केली. मग म्हणाले, "कामून?"

"तिला कळायला पाहिजे."

"तिला म्हाईत हाय की शेंदूर मी लावला. मीच सांगितलंय, अन् टोळीला बी तोंड उघडू नका म्हणलंय." ते खाली बसले आणि मलाही बसायची खूण केली. "तुमचं आई-वडील गेलं. तिला म्हायेर म्हणून तुमीच हाव. बाया रातच्याला तळावर कोपीत बसून आपापल्या भावांचं सांगतेत, तवा ती तुमचंच सांगती. त्यावर तिचा हंगाम निघतो. तुमी सांगून मोकळं व्हाल. तिनं काय करायचं मग?"

मी खाली पडलेला सुतळीचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिलो.

"सांगायचंच असंल तर तुमच्या साहेबाला सांगा," दाजी म्हणाले. "त्यानं आमचं काम तरी माघारी यील."

हे ते रागानं म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते अगदी साधं, वाट सांगावी तसं सांगितलं. आणि ते खरं होतं. एक कागद, चार ओळी, आणि आक्काचा कोयता आढ्यालाच राहिला असता. फोन माझ्या खिशात होता, मॅडमचा नंबर त्यात होता, गाडी यायला अजून दोन तास होते. मी म्हणालो, "बघतो." मी साहेबाला सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

गाडीची वेळ झाली. आक्का सामान बाहेर काढत होती. भांड्यांचं पोतं, गोधड्या, ज्वारीचं पीठ, दोन कोयते फडक्यात गुंडाळलेले. लुगडं खोचलेलं, आणि मानेला आधीच पट्टी बांधलेली, म्हणजे जुनं दुखणं सुरू व्हायच्या आतच. मला बघून तिनं हातातलं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"बाबा, एक बोलू का?" ती म्हणाली. "लई दिस मनात हाय."

"बोल की."

"मागल्या साली ह्यांच्या हातनं तुझ्या कामात खोट आली. तू घसा कोरडा करून सांगितलंतंस, तेल लावू नका म्हणून, अन् तरी ह्यांनी लावलं. साहेबापुढं तुझी मान खाली गेली असंल. आमचं काय, आमी हाताचं काम करणारी माणसं, कुठंबी करू. पण तुझं शिक्षणाचं काम." तिनं एकदा दाजींकडं पाहिलं. "हे मोठे हायेत, तुझ्यापुढं बोलायला लाजतेत. म्हणून मी म्हणते. पोटात घाल, बाबा."

आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठी असलेली माझी बहीण माझ्यापुढं हात जोडून उभी राहिली.

दाजी पोत्याचं तोंड शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. मला बोलायला कुणी अडवलेलं नव्हतं. शब्द तयार होते, प्रवासभर गाडीत घोकून आणलेले. आक्का वाट बघत होती, आणि तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं, की मी नाही म्हणेन याची तिला भीती वाटतेय.

"जाऊ दे आक्का," मी म्हणालो. "माणसाच्या हातनं होतं कधी कधी. माझ्या मनात काही नाही."

तिचा सगळा चेहरा सैल झाला. डोळे पुसले आणि ती दाजींकडं वळली.

"बघा," ती म्हणाली. "म्हणलं न्हवतं, माझा भाऊ डूख धरणारा न्हाई."

"व्हय," दाजी म्हणाले, आणि दाभणात दोरा ओवायला लागले.